राणीचं दुसरं रीळ

— न्हाय, तितं न्हाय. त्या बाजेवर बसू नका. ती ह्यांची हाय. हितं पायरीवर टेका, न्हायतर उभं ऱ्हावा. अन् वहिनी म्हणू नका मला. वहिनी म्हणायला तुमी आमच्या ह्यांचं कोण? भाऊ? भाऊ असता तर — जाऊ द्या. पाणी पिता? बारामतीपासनं उन्हाचं आलाय, पाण्याला न्हाय म्हणायची न्हाय मी. चहा मातूर न्हाय मिळायचा. व्हायचा तवा व्हायचा. दर ऐतवारी व्हायचा, शेळीच्या दुधाचा, गूळ घालून, अन् तुमी बशी पुसून पुसून प्यायचा अन् म्हणायचा, "वहिनी, असा चहा बारामतीत मिळत नाही." मी खुळी, फुगायची. पुढच्या ऐतवारी गूळ जास्त घालायची.

कशापायी आलाय ते सांगू नका. मला ठाव हाय. आल्यापासनं तुमचं डोळं त्या फळीवरनं हलंना झाल्यात. फळीवर यंत्र हाय, घोंगड्याखाली. बघा की, बघायला काय जातंय! पण तुमाला यंत्र नगं. तुमच्या घरी असली यंत्रं काचेच्या कपाटात हायती — ह्यांनीच सांगितलं व्हतं, तुमच्याकडनं आल्यावर, लहान पोरागत — "अगं, विजयसिंहरावांच्या घरात यंत्राला सुदिक कपाट हाय, आपल्याला न्हाय!" तुमाला पायजे राणीचं दुसरं रीळ. व्हय का न्हाय? नुसती मान हलवू नका. तोंडानं व्हय म्हणा.

हां. आता कसं.

तर त्या राणीचं आधी ऐका, म्हंजे पुन्यांदा कुठं माईकपुढं उभं ऱ्हायलात तर चुकायचं न्हाय. थांबा, माईकचं मागनं काढते. ती राणी आमच्याकडं आली एका घोंगड्याला. मामंजी मेंढरं घेऊन कॅनॉलच्या कडंकडंनं जायचे. तितल्या बंगल्यावर गोरा साहेब ऱ्हायचा. तो आपल्या मुलखाला निघाला तवा बोटीवर थंडी वाजंल म्हणून मामंजींच्या खांद्यावरचं घोंगडं मागितलं अन् बदल्यात ही पेटी दिली — त्यात यंत्र अन् टोपीएवढी बी न्हाईत असली बारकी रिळं. घरात बघायचं सिनेमाचं यंत्र, हातानं फिरवायचं. एक टोपी उडालेल्या जाड्याचं, एक आगगाडीचं, अन् दोन राणीची. गोऱ्यांची राणी न्हाय, आपल्याकडली — नऊवारी नेसलेली, नाकात नथ, कडंवर पोर. मामंजी म्हणले, ह्याचं काय लोणचं घालू? पण ह्यांना याड लागलं. मेंढरं गेली, रान आलं, ऊस आला, ह्यांचं याड काय गेलं न्हाय. सुप्याच्या बाजारात भंगारवाल्यापुढं बसायचे, रिकामा डबा दिसला तरी उघडून हुंगायचे. अन् तितंच तर तुमी गावलात ह्यांना. एका डब्यावर दोघांनी हात टाकला. तुमी म्हणलात, "घ्या, तुमचा हात आधी होता." घरी येऊन तीन येळा सांगितलं मला त्यांनी ते.

मग सुरू झालं तुमचं ऐतवारी येणं. रिळाला रीळ. पैसा मधी आणायचा न्हाय, हे ह्यांचंच. आमच्यात मेंढा बदलून घेत्यात — तुझा माझ्या कळपात, माझा तुझ्या कळपात, म्हंजे रगत नवं ऱ्हातं. तसंच केलं ह्यांनी. तुमी एक डबा आणायचा, हे एक द्यायचे. जाड्याची टोपी गेली, त्याच्या जागी कुत्र्याचं आलं. अन् जायच्या आधी हे प्रत्येक रिळाला आपली खूण करायचे, मेंढराच्या कानाला करत्यात तशी, कात्रीनं — सुरवातीच्या चित्रांच्या डाव्या कोपऱ्यात तिकोणी चिमटा. आमच्या कळपाची खूणच ती, डाव्या कानाला तिकोणी. दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी वळखू यावं. तुमाला पहिल्यांदा दावलं तवा कपाळावर हात मारून घेतलात, आठवतंय? "तात्या, काय केलंत हे! फिल्म कापलीत!" हे हसले. म्हणले, कान कापल्यानं मेंढरू मरत न्हाय.

राणीला मातूर बदलीत काढलं न्हाय त्यांनी. ती घरची. समद्या वस्तीला ठाव ती. भिंतीवर धोतार लावायचं, दांडा मी फिरवायची — व्हय, मीच. हे पडद्यापाशी उभं राहून बोलायचे. ते मुकं, तवा बोलायचं आमालाच. राणीचं हे बोलायचे, राजाचं हे बोलायचे, घोड्याचं बी हेच खिंकाळायचे. मी एका लयीत फिरवायची. जोरात फिरवलं की राणी पळायला लागायची, हे वरडायचे, "सिंधे, दमानं! ती लेकुरवाळी हाय!" अन् लोकं हसायची. आता घरोघरी टीव्ही आलं. आता कोण येतंय धोतराम्होरं बसाया.

अन् मग तुमी पहिलं रीळ नेलं. बदलीत न्हाय. बदल मागायची ह्यांना लाज वाटली, तुमाला काय वाटलं ते तुमालाच ठाव. "तात्या, नुसती नक्कल काढतो आणि पुढच्या रविवारी आणून देतो." दोन्ही मागितली व्हती तुमी. हे म्हणले, एक न्या, एक ऱ्हाऊ द्या, दोघी भणी एका टायमाला घराभाईर नगत. देवानंच बुद्दी दिली. जाणारीला बी कोपऱ्यात आपला चिमटा केला त्यांनी, मगच दिली. आलात मग, बऱ्याच ऐतवारांनी. हातात डबा. डब्यात काळा चुरा, जळकं, आकसलेलं तुकडं. "तात्या, दिव्यापाशी अडकलं. जळालं. मला माफ करा." डोळ्यांत पाणी आणलं व्हतं. अन् ह्यांनी — मला आजून आग लागती आठवलं की — ह्यांनी तुमाला धीर दिला! तुमच्या पाठीवर हात फिरवला अन् मला म्हणले, च्या टाक. अन् मी टाकला.

आता माईकचं.

आमची पुतणी मनिषा तुमच्या बारामतीत शिकती. हे बी तितल्याच दवाखान्यात पडलेले, मी खाटंच्या पायथ्याला. मनिषा आली, म्हणली, "काकी, घडीभर भाईर चल, कॉलेजच्या हॉलात मुके सिनेमे दाखवणार हायत, काकांना सांगाया व्हईल." गेले. मागल्या बाकड्यावर बसले. अन् तुमी उभं ऱ्हायलात, कोट घालून. माईकवर म्हणलात, "हे रीळ मला मुंबईच्या जुन्या बाजारात धुळीत पडलेलं सापडलं." मी म्हटलं, असंल बाई, दुसरं काय असंल. दिवं गेलं. पडद्यावर — डाव्या कोपऱ्यात पांढरा तिकोण लखाकला अन् गेला. अन् मागनं आमची राणी चालत आली. कडंवर पोर घेऊन. त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर. माझा हात आपसूक फिरायला लागला बघा, मांडीवर, दांडा धरल्यागत. मनिषा म्हणती, काकी, काय झालं? काय सांगू तिला!

मग राणी नदीत पाय टाकती, मागनं घोडेस्वार येतो, अन् संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण उठला, म्हणला, पुढं काय झालं? तुमी काय म्हणलात? म्हणा की, तुमचंच बोलणं हाय. "पुढचा भाग काळाच्या ओघात हरवला." आरं काळाच्या! काळ कशाला? इंदापूरच्या रस्त्यानं आलात तर आमच्या फळीवर व्हता पुढचा भाग! उभं ऱ्हावं अन् वरडावं असं वाटलं मला. न्हाय वरडले. बाईमाणूस, लुगडं नेसून, त्या शिकल्यासवरल्यांत. अन् दवाखान्यात परत गेले तर हे जागं. तोंड बघूनच म्हणले, काय झालं? मी समदं वकलं. म्हटलं, तुमचा तो मैतर चोर हाय. केसानं गळा कापला त्यानं तुमचा.

तर काय म्हणले ठाव हाय? म्हणले, "मला तवाच कळलंय." कवा? "त्यानं चुरा आणला तवा. त्या तुकड्यांना कडंला दोन्ही बाजूंनी भोकं व्हती. आपल्या पट्टीला भोक मधी असतंय."

खाली काय बघताय? एवढा अभ्यास तुमचा, कपाटं काचंची, अन् दुसऱ्याच जातीची पट्टी जाळून आणलीत. वाटलं असंल, धनगर हाय, ह्याला काय कळतंय. त्या माणसानं ती पट्टी उभ्या जन्मात इतक्या येळा बोटातनं काढल्याली, की आंधळा झाला असता तरी कळलं असतं.

मी म्हटलं, मग बोलला का न्हाय? तोंडावर का न्हाय मारलं त्याच्या? तर म्हणले — हे मी तुमाला सांगणार नव्हते, हे सांगायला तुमाला बसवलं नव्हतं मी — म्हणले, "बोललो असतो तर त्यो यायचा बंद झाला असता."

अन् तुमी तरीबी यायचं बंदच केलंत! रीळ घेतलं ते घेतलं, राणी नेली ती नेली, यायला काय झालं व्हतं? लाज वाटली? लाज वाटली तर लाजत यायचं! दर ऐतवारी हे यंत्र पुसून ठेवायचे. त्या बाजेवर दुसरी उशी टाकायचे. गाडीचा आवाज आला की मान वर. मी म्हणायची, दुधाची गाडी हाय ती. हे म्हणायचे, ठाव हाय मला. तरी मान वर. चोरी मी इसरले असते, विजयसिंहराव. माझं काय जातंय, मला काय त्या राणीला वाण द्यायचं व्हतं? पण ती उशी मी दर ऐतवारी संध्याकाळी उचलून ठेवलीया. माझ्या ह्या हातांनी. ते न्हाय इसरायची.

ते पाकीट आत घाला. आत घाला म्हणते ना. हितं कवा पैसा चालला न्हाय.

काय म्हणता? पुण्यात मोठा कार्यक्रम हाय, पुरी राणी दाखवायची, तात्यांचं नाव घेणार? आता नाव घेणार! त्या दिशी हॉलात जीभ आत गेली व्हती ती! अन् ऐका, त्यांचा जीव मातूर किती मोठा. दवाखान्यात मला दुसरं काय इचारलं न्हाय त्यांनी. रागावले न्हाईत. एवढंच — "मोठ्या पडद्यावर कशी दिसली गं? लोकं हसली का घोड्याला?" म्हटलं, घोडा मुका व्हता, तुमी कुठं व्हता खिंकाळाया? हसले. मग म्हणले, "दुसरं बी त्यालाच दे. दोघी एका जागी ऱ्हाऊ देत." मी म्हटलं, मी मेल्यावर. म्हणले, "तू न्हाय, मी मेल्यावर. मातीला येईल त्यो. तवा त्याच्या हातात दे."

व्हय, असं म्हणले. चेहरा उजळू देऊ नका. आजून संपलं न्हाय.

माघात गेले. सकाळी. रामानं — आमचा पुतण्या, लोणी देवकरला कारखान्यात हाय — त्यानं तुमच्या घरी फोन लावला. निरोप मिळाला न्हाय म्हणू नका, तुमीच उचलला व्हता. "येतो" म्हणलात. रामानं घरी येऊन सांगितलं, काकी, ते येतो म्हणले. मी डबा काढला. पदराखाली धरला. तिरडी बांधली, मी डबा धरून. समदं पाव्हणं आलं, फलटणचं आलं, करमाळ्याचं आलं. बाया माझ्या गळ्यात पडून रडायच्या अन् मी एका हातानं रडायची, एका हातात डबा. लोकं म्हणायला लागली, आता उचला. मी म्हटलं, थांबा, बारामतीचं पाव्हणं यायचंत. दुपार कलली. थांबा. कोण पाव्हणं, काकी? येत्यात, येतो म्हणल्यात. दीस बुडायला आला तवा थोरल्या दिरांनी सांगितलं, आता न्हाय थांबता येत. उचललं. मी वढ्यापातूर मागं मागं. तितं बी रस्त्याकडं बघितलं मी. गाडी न्हाय. धुरळा बी न्हाय.

तवा रामाला हाक मारली. डबा त्याच्या हातात दिला. म्हटलं, ह्यांच्या उशाशी ठेव, अन् वर गवऱ्या लाव.

व्हय. चितंवर.

उठलात कशाला? बसा खाली. आता कशाला कपाळ धरताय? तुमीच सांगितलं व्हतं ना, जळालं म्हणून? तुमचा शब्द खरा केला मी, दुसरं काय केलं न्हाय. मातीला आला असता तर तुमच्या हातात दिलं असतं. त्यांचा सबूद व्हता, मी मोडला नसता. दात चावून दिलं असतं, पण दिलं असतं.

ते पहिलं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मला नगं. दाखवा पुण्यात, दाखवा कुठं दाखवायचं तितं. राणी नदीत पाय टाकती, मागनं घोडेस्वार येतो. पुढं काय होतं ते जगात दोघांना ठाव व्हतं. आता मला एकटीला ठाव हाय. ती मागं वळून बघती, अन् त्यो घोड्यावरनं उतरून तिच्याकडं —

न्हाय. तुमाला न्हाय सांगायची.

उठा. फाटक लावून जावा, शेळ्या भाईर जात्यात.