घशातलं भ्या

...आवो, गळा माझा आवळतोय, आन् डॉक्टर इचारतोय काय, तर ल्हानपनी बाप मारायचा का? तुमाला सांगतो, हितं कायतरी पानी मुरतंय!

झालं काय, शिमग्याला मटनाचं हाडूक अडाकलं घशात. धाकट्या भावानं, बहिरूनं, पाठीत असा गुद्दा हानला, की हाडूक पडलं भाईर, पन भ्या आतच ऱ्हायलं! तवापास्नं भाकरी बघितली की गळा बंद. नुसत्या पेजंवर जगतोय, बंडीत आता दोन मानसं मावतील! आन् अशात उरवड्याला दिलेल्या आमच्या लेकीला, जयाला, ल्योक झाला. लोक पेढं वाटत्यात, मला कापरं भरलं! का? आवो, लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं पानी बी पेत न्हाई बाप. त्या रिवाजाआड लपलो हुतो की मी! आता बारशाची पंगत, व्याही हैबतराव सोता वाढनार. म्या ताट सारलं, तर राग कुनावर निघनार? माज्या पोरीवर! नुसत्या इचारानं जीव तुटायचा.

म्हनून पुन्याला गेलो. डॉक्टरनं घशात बॅटरी मारली. "कुशाबा, गळा अगदी साफ आहे. भीती मनात आहे." मंग मनात मार की बॅटरी! आन् औषिद काय दिलं? गोळी! ज्याला गिळाया भ्या वाटतंय, त्याला गोळी! पानी मुरतंय का न्हाई, सांगा!

कारभारीन म्हनली, "मधातनं चुरून घ्या." आगं, पन भ्या घालवती म्हंजी दारूच की ती! घेतली... काय करनार? वर डॉक्टर हातात घास द्यायचा. "मनातलं बोला, मग सावकाश गिळा." मी बोलतोय, त्यो नुसता मान हलवतोय. औषिद ठावं नसंल!

बारशाला हैबतरावनं पोळी वाढली. "पाव्हणं, आता तरी घ्या!" पंगत थांबलेली, जया दाराआडनं बघतीया. घास उचलला... गळा बंद! म्हनलं, बोलून तरी बघावं. "पाव्हणं, मला लई भ्या वाटतंय!" आन् जो सुटलो, हाडूक काय, बहिरू काय, डॉक्टर काय... पोळी कवा संपली कळलंच न्हाई! पोरगी पदर तोंडाला लावून हासतीया आन् रडतीया. मला बी भरून आलं बघा.

आता डॉक्टर म्हनतोय, बरं झालात, बोलायची गरज न्हाई. ह्यात बी पानी मुरतंय! गप बसलं का अडाकतंय की! कारभारीन तर ताट वाढती आन् गोठ्यात पळती. म्हनून तुमाला बलिवलं... आवो, उठता कुटं? अजून अर्धी भाकरी हाय!