महारुद्रचा न्यूनगंड

परांड्याच्या दवाखान्यात मैमुना दुखऱ्या दाढेखाली लवंग धरून रांगेत बसली होती. तोंड उघडायची सोय नव्हती, कान मात्र मोकळे होते. पुढं अनुसयाबाई शेजारच्या धुरपदाबाईला ठसक्यात सांगत होती.

“आमच्या महारुद्रला न्यूनगंड झालाय. सोलापूरच्या कॉलेजातल्या सरांनीच वळखलं.”

“अगं बया! म्हंजी काय वं अक्का?”

“समोरचा लई मोठा वाटतो, अन् आपुन त्याच्यापुढं उगंच बारीक होतो.”

“एवढंच व्हय? माझ्या बापापुढं आमच्या मालकाचं तसंच हुतंय की!”

“त्याला भेव म्हनत्यात, धुरपदा. न्यूनगंडाला शिकाया लागतंय.”

“माझा उत्तरेश्वर सातवी पास हाय.”

“सातवीवर निस्तं लाजनं येतंय. न्यूनगंडाला कॉलेजच पायजे.”

“थोडा तरी आसंल की त्याला?”

“कुन्या सरांनी सांगितलंय का तसं?”

“न्हाय.” धुरपदाबाईनं डोळ्याला पदर लावला. “आमच्या नशिबात कुठला न्यूनगंड? आमी पयल्यापासून तुमच्यापरीस कमीच!”

मग नाक पुसून ती मागं वळली. “का गं माय, तुमच्यात हाय का कुनाला?”

मैमुनानं लवंग सांभाळत मोठ्या ऐटीत तीन बोटं वर केली.