चावा, असं शिकवलं होतं

—रडू नकोस गं, आंघोळ घातलीस म्हणून तुला कोण फासावर देतंय? रक्तानं माखलेली लेक दारात बघितल्यावर आई आधी पाणीच तापवणार. चुकलंच ते, पण सगळं काही धुऊन जात नाही, अत्याचार झालेल्या पोरींचंच काम करते मी या दवाखान्यात, मला विचार. कपडे? भिजवलेस? असू देत, ओलेच आण, इथं वाळवून कागदी पिशवीत घालू— प्लास्टिकमध्ये कुजतात, पुरावा जातो. आत डॉक्टरीणबाई तिच्या ओठाला टाके घालताहेत, जबडा सुजलाय, बोलता येत नाही तिला, आणि तुझी घरी न्यायची घाई! दीर खोळंबलेत? खोळंबू देत! केस धरून डोकं फरशीवर आपटलंय गं पोरीचं, एकदा नाही— गळ्यावर बोटं उमटलीत. माझ्या तावडीत सापडला ना मेला, तर मुडदा पाडीन— नाही, मी असं बोलायचं नसतं. पण का आपटलं, ठाऊक आहे? चावली ती. मीच शिकवलं होतं. कॉलेजात मुलींपुढं बोलायला जाते ना मी— अनोळखी माणूस अंगचटीला आला तर ओरडा, लाजू नका, कडकडून चावा! तुझी लेक मागच्या बाकावरून म्हणाली, "शी, सिस्टर, तोंडाला घाण लागेल की!" अख्खा वर्ग फिदीफिदी हसला, मीही हसले. आणि चावली बघ, रक्त काढलं, तिच्या दातांत सापडलंय. म्हणून तर एवढी मारली. काळीज जळतंय माझं, चाव म्हणाले नसते तर— नाही, बरं केलं चावली. ती खूण लपायची नाही आता.

काय म्हणालीस? गाडीचं काय म्हणालीस? दिरांनी एका हातानं चालवली? का? कुत्रं चावलं? कुठलं कुत्रं? तू बघितलंस? नाही. जखम तरी बघितलीस? फडकं गुंडाळलंय. हं... आणि पोरीला आधी आंघोळ घाल, असं कोण म्हणालं होतं गं तुला? दिरांनीच?

अनोळखी माणूस म्हणे! काय शिकवत होते मी, अनोळखी! आत्ता कुठाय तो? खाली? कुत्र्याच्या इंजेक्शनच्या रांगेत? —अहो वॉचमन! खालचं फाटक लावा आधी! कुणालाही सोडू नका, हाताला फडकं बांधलेल्याला तर नाहीच! पोलीस येताहेत, त्यांना वर नको, तिथंच थांबवा!— आणि तू, भावोजी तसे नाहीत, भावोजी तसे नाहीत, काय लावलंयस? ऊठ. लेक आत एकटी आहे. जा.