म्हसोबाची जुनी जागा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, चौथीपर्यंतच शाळा झाली, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. मोठ्या जावेला मी आक्का म्हणते. तिच्या मोडलेल्या उजव्या हाताच्या हाडात सळई घातली आहे, पेन धरवत नाही, म्हणून ती सांगते आणि मी लिहिते. इथून पुढे आक्काच बोलते.

माझं माहेर धुळ्याकडचं, देवपूरच्या पलीकडचं खेडं. मी परकरी पोर होते तेव्हा काकानं माझ्या बापाला बांधावर तोडलं. तोडलं म्हणजे काय सांगू तुम्हाला, कुऱ्हाडीनं, लाकूड फोडतात तसं. भांडण कशाचं, तर काकानं नांगर हातभर आत घातला, बाप म्हणाला भाऊ, बांध खाऊ नको, आणि बोलता बोलताच पडला. मी मायसंगं भाकर घेऊन गेले होते. भाकरीचं फडकं मायनं त्याच्या मानेला दाबून धरलं, ते भिजून जड झालं, अजून मला ते फडकं दिसतं. माय म्हणायची, पोरी, जमीन माय शे, पन बांध वैरी शे, आमच्या बोलीत शे म्हणजे आहे. आणि दैवाची करणी पाहा, माझ्या वाट्याला कामच आलं ते बांध चालायचं.

लग्न होऊन मी रावेरकडे आले, सातपुड्याच्या पायथ्याला. खाली केळी, डोंगराकडच्या हलक्या रानात सोयाबीन. जळगावचे एक शेठ ते सोयाबीन घेतात, तेल काढतात, पेंड परदेशात पाठवतात. तर तिकडच्या सरकारांनी कायदा केला म्हणे, कोरोनाच्या सालानंतर जंगल तोडून केलेल्या शेतातला माल नको, कोणत्या शेतातला ते नकाशावर दाखवा. शेठचे साहेब गावात आले, म्हणाले, एका शेताचं खोटं निघालं तर सगळा माल परत येईल, मग तुमच्या गावाचा दाणा आम्ही घेणार नाही. मोबाईल धरून शेताच्या कडेनं चालायचं, निघालो त्या जागी परत आलं की त्यात शेताची आकृती पुरी होते, एवढंच काम. पण गडी चालला की लगेच काठ्या निघायच्या, तू माझ्या बांधावरून का गेला म्हणून. साहेब म्हणाले, एखादी बाई द्या. सगळ्यांनी माझं नाव घेतलं. म्हणाले, हिच्या तोंडातून शब्द निघत नाही, ही काय भांडणार.

आमच्याकडे डोंगराच्या बाजूला शेताच्या कोपऱ्यात म्हसोबाचा शेंदरी दगड असतो. त्या कोपऱ्याबद्दल कुणी वाद घालत नाही, देवाचा कोपरा. म्हणून मी दगडाला हात जोडून निघायची आणि दगडापाशीच येऊन थांबायची. गावाला ही माझी रीत ठाऊक झाली होती. रामदास नानालाही.

नाना आमच्या गावातला मोठा शेतकरी. त्यानं अलीकडेच शेताच्या वरचं जंगल तोडून, जाळून तिथंही सोयाबीन पेरलं होतं. मी गेले तर म्हसोबा वर सरकलेला, पार जंगलाच्या कडेला, वर ताजा शेंदूर. नाना म्हणाला, सूनबाई, नेहमीसारखं दगडापासून दगडापर्यंत चाल, बाकी तुले काय करायचं. मी पायाखाली पाहिलं, सागाची जळकी खोडं, त्यांना कोवळे फुटवे फुटलेले. आणि खाली जुन्या कोपऱ्यात वर्षानुवर्षांच्या तेलाशेंदरानं माती लाल, करवंट्या पडलेल्या, गवताची काडी नाही. देव उचलला, पण देवाची जागा कशी उचलणार?

मी खाली उतरले, त्या लाल मातीला हात जोडले आणि तिथून चालायला लागले. नाना ओरडला, काहून वं, मुकी आहेस का आंधळी? तुझ्या नवऱ्यानं पैसे मोजून घेतले ना माझ्याकडून! मला तर माहीतच नव्हतं. तरी थांबले नाही. लाल मातीवर परत आले, आकृती पुरी झाली, आणि कुदळीचा दांडा पाठीत बसला. मी मोबाईल पोटाखाली घेऊन पालथी पडले. नाना म्हणत होता, बापासारखीच बांधावर मरशील. दुसरा दांडा हातावर आला, हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, वाळलेली तुराटी मोडते तसा. मग लाथा, तोंडात माती न् रक्त. शेजारी निंदणाऱ्या बाया विळे घेऊन ओरडत धावल्या म्हणून आज मी बोलते आहे.

दवाखान्यातून घरी आले तर नवऱ्यानंही कानाखाली मारली, म्हणाला, त्या पैशाची मोटरसायकल घेतली, आता काय तोंड दाखवू? मी म्हटलं, तेच तोंड दाखवा, दुसरं कुठून आणणार.

मी मारहाणीची तक्रार दिली, तर पोलीस ठाण्यात नाना म्हणाला, हिच्या घरानं पैसे घेतलेत, बाई विकलेली आहे, हिचा नकाशा काय खरा? ते साहेबांच्या कानावर गेलं, त्यांनी गावाचे ट्रक थांबवले. मग गावानं नानाला चौकात ओढून चोपलं, पुढचे दात पाडले. मला बरं वाटायला हवं होतं, पण त्यानं धावत आलेल्या बायकोचा पदर तोंडाला धरला, तो लाल झाला, आणि मला भाकरीचं फडकंच आठवलं. मी ओरडले, सोडा त्याला. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं. सगळे थांबले.

साहेबांनी स्वतः येऊन ती खोडं पाहिली, वरचं रान नकाशातून बाहेर ठेवलं, तेव्हा ट्रक सुटले. नानाच्या खालच्या रानाचा दाणाही शेठकडे गेला. मारहाणीची केस कोर्टात चालू आहे, चालू दे.

पण घेतलेले पैसे घरात असेपर्यंत मी विकलेलीच. नाना परत घेईना, म्हणे राहू दे, घेतले तर मला विकलेली कसं म्हणणार. मोटरसायकल विकली, तरी भरेना, मग माझ्या चालण्याच्या मजुरीतून थोडे थोडे बाजूला टाकत गेले. आता मोबाईल डाव्या हातात धरते. गेल्या आठवड्यात नानानं म्हसोबा पुन्हा खाली आणून बसवला, नारळ फोडायला गाव बोलावलं. मी सगळ्यांसमोर दगडापाशी पैसे ठेवले. म्हटलं, नाना, तुमचं रान पिको, पोरंबाळं सुखी राहोत, पण हे उचला. नानानं देवाकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं, खाली बसून मोजले आणि बोळक्या तोंडानं म्हणाला, सूनबाई, पुरे भरले.