शिवराम तांबटाची परत आलेली संध्याकाळ

मंडळी, आज आधी उत्तर द्या, मग गोष्ट ऐका! तुमच्या हातून निसटलेली एक संध्याकाळ देवानं उचलून पुन्हा तुमच्या ओंजळीत ठेवली, "घे बाळा, हरवली होती ना?" असं म्हणून — तर तुम्ही तिचं काय कराल?

सोनं करू म्हणता? पुढं बसलेले आजोबा तर मान हलवून मोकळे झाले! ठीक आहे. बघू या, शिवरामानं काय केलं ते.

शिवराम तांबट. घाटाखालच्या गावात, तांबट आळीत घर. हंडे-घागरी घडवणारा, हाताचा फार चांगला. पण मंडळी, एक खोड! घागर वेळेवर, बाकी सगळं — उद्या! कौल फुटलं? उद्या बसवू. दाढ दुखते? उद्या काढू.

अशातच म्हातारी आई आजारी पडली. वैद्यबुवा दुपारी नाडी बघून म्हणाले, "शिवराम, लेकीला बोलावून घे." लेक म्हणजे अनसूया, शिवरामाची थोरली बहीण, अक्का. नदीपलीकडच्या गावात दिलेली. शिवराम म्हणाला, "सकाळी निरोप धाडतो."

सकाळ झाली — आणि आई नव्हती!

अक्का आली. शिवराम म्हणाला, "अचानक झालं गं. काही कळलंच नाही." वैद्यबुवांचं बोलणं त्यानं गिळलं. अक्का आईच्या पायांशी बसली, उठली आणि निघून गेली. पुन्हा भावाचा उंबरा चढली नाही. वर्षामागून वर्षं गेली, मंडळी! शिवराम रोज म्हणे, "एकदा जाऊन अक्काला खरं सांगायला हवं." कधी? — बरोबर! तुम्हीच सांगितलंत!

मग एके दिवशी शेजारच्या गोदावहिनी सांगत आल्या, "भावजी, तुमची अक्का लेकाकडे निघाली, भिलाईला. आता कायमचीच. उद्या संध्याकाळी आपल्या स्टँडवरच्या एस्टीनं जाणार. म्हणाली, शिवाला गाडीवर येऊन जा म्हणावं."

शिवराम गोंधळला. कशाला बोलावलं असेल? बोलायला, की चारचौघांत चार शब्द सुनवायला? जावं? न जावं? बायको माहेरी गेलेली, विचारायला घरात कुणी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झालं आणि म्हणाला, "जरा पडतो. उठल्यावर ठरवू."

आणि लागला की डोळा!

जाग आली. बाहेर करडा उजेड. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. पाखरं कलकलतायत. आळीत एक हातोडी वाजत नाही. भिंतीवरचं घड्याळ सहा वाजले म्हणतंय. आता सकाळचे की संध्याकाळचे, हे त्या घड्याळानं कसं सांगावं?

शिवराम ताडकन उठून बसला. "अरे देवा! रात्रभर झोपलो! गाडी तर कालच गेली!"

हसू नका! दुपारी झोपून असं उठला नाहीत कधी?

सवयीनं हात राखुंडीकडे गेला. बोट दातावर, तोंड काळं, डोळ्यांत पाणी — असा तो अंगणात आला. गोदावहिनी बघतच राहिल्या.

"भावजी, आत्ता दात घासताय?"

"मग कधी घासू?"

"दाढ दुखते का?"

"दाढेचं काय घेऊन बसलात! वहिनी, अक्का गेली का हो?"

"गेली की मघाशीच. बैलगाडीतनं गेली. इथून जाताना गाडी थांबवून तुमच्या दाराकडे बघत होती."

वहिनी म्हणतायत स्टँडवर गेली. याला वाटतंय, भिलाईला गेली!

शिवराम पायरीवर बसला. "दाराकडे बघत होती? आणि मी आत घोरत होतो? आता कुणाला सांगू? कधी सांगू?" आणि मंडळी, तो ढसाढसा रडायला लागला. एवढा बाप्या माणूस, तोंडाला राखुंडी, आणि हुंदक्यावर हुंदका! "एक संध्याकाळ दे रे देवा! एवढी कालची एकच परत दे!"

गोदावहिनी तुळशीपुढं दिवा ठेवत होत्या. त्या कळवळून म्हणाल्या, "भावजी, दिवेलागणीला असं रडू नये."

"काय म्हणालात?"

"दिवेलागणीला —"

"दिवेलागण? म्हणजे आत्ता संध्याकाळ आहे? आजचीच?"

"मग काय पहाट आहे?"

मिळाली! मंडळी, मागितली आणि मिळाली! शिवराम नाचायचाच बाकी राहिला. आता धावत सुटेल, नाही?

छे! आत गेला! "गाडी सुटायला अवकाश आहे," म्हणाला. तोंड धुवावं म्हणून तांब्या शोधला, तो सापडेना. धुतलेली टोपी कुठं आहे? रिकाम्या हातानं कसं जायचं, नारळ घ्यावा का? आणि बोलायचं काय? "अक्का, त्याचं असं झालं..." नको. "अक्का, तुझा भाऊ चुकला..." हे बरं. आरशापुढं उभा राहून वाक्यं जुळवायला लागला!

आजोबा, ऐकताय ना? घटकेपूर्वी ज्या संध्याकाळसाठी हा छाती पिटत होता, तीच हातात आल्याबरोबर तिची किंमत टोपीएवढी झाली!

शेवटी गोदावहिनी दारात येऊन ओरडल्या, "अहो, टोपी कसली शोधताय? गाडीचा हॉर्न ऐकू येतोय! पळा!"

तेव्हा पळाला. बोडका, अनवाणी, तसाच काळ्या तोंडानं.

स्टँडवर गाडी धडधडत उभी होती. अक्का खिडकीशी. जुळवलेली सगळी वाक्यं शिवराम विसरला. गजाला धरून धापा टाकत उभा राहिला.

"तोंडाला काय लागलंय रे?" अक्का म्हणाली. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य!

"अक्का, वैद्यबुवांनी सांगितलं होतं. दुपारीच. तुला बोलावून घे म्हणाले होते. मीच म्हटलं, सकाळी धाडू. अचानक झालं नव्हतं गं."

अक्कानं पदराचं टोक धरून खिडकीतूनच त्याचं तोंड पुसलं.

"मला कळलं होतं, शिवा. आई आजारी आहे, हे दूधवाल्यानं सांगितलं होतं मला. मी म्हटलं, भावाचं बोलावणं येऊ दे, मगच जाईन. मान हवा होता मला!"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. शिवराम जागच्या जागी! म्हणजे इतकी वर्षं कोण कुणावर रागावलं होतं? हसावं की रडावं? त्याला काही सुधरेना. आणि गाडी निघाली की!

मग मात्र त्यानं 'उद्या' म्हटलं नाही. धावला, पत्र्यावर थापा मारल्या, गाडी थांबवली आणि आत चढला.

"कुठं जायचं?" कंडक्टरनं विचारलं.

"पुढच्या फाट्यापर्यंत."

अक्कानं शेजारी जागा केली. हळूच म्हणाली, "शिवा, शेवटच्या दिवशी आई काय काय म्हणाली रे?"

मंडळी, या एका प्रश्नासाठी तिनं बोलावलं होतं! भांडायला नव्हे, सुनवायला नव्हे. आईचा तो दिवस जगात एकट्या शिवरामाजवळ होता आणि अक्काला तो हवा होता. शिवराम सांगायला लागला. पेजेत मीठ कमी आहे म्हणून आई चिडली ते सांगितलं. ऊन पायावर घ्यायला खाट ओढायला लावली ते सांगितलं. अक्का हसत होती, डोळे पुसत होती, "मग? मग?" म्हणत होती. आणि —

फाटा आला.

अर्धंच सांगून झालं होतं! शिवराम उतरला. गाडी वळणापलीकडे गेली. अक्का भिलाईलाच राहिली, तिथंच वारली. राहिलेलं अर्धं शिवरामाजवळच राहिलं.

मिळाली होती का संध्याकाळ? मिळाली होती. सोनं झालं का? फाट्यापुरतं झालं, बुवा. टोपी शोधण्यात जी गेली, तेवढी कमीच पडली.

आता माझ्याकडे बघू नका. गोष्ट चालली असताना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं एक तोंड येऊन गेलंय — कुणाच्या भावाचं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या जुन्या मित्राचं. खोटं सांगू नका, देव समोर आहे! आज आरती मी थोडक्यात आटोपतो. प्रसाद हातावर घ्या आणि निघा. कोण घराच्या वाटेला लागतो आणि कोण दुसऱ्या आळीकडे वळतो, ते मी देवळाच्या या पायरीवर उभा राहून बघणार आहे!

उठा मंडळी, म्हणा एकदा — पांडुरंग हरी!