'छट्' नसलेली चिठ्ठी

(घड्याळ दुरुस्तीचं दुकान. फडताळं अर्धी रिकामी. बाप-लेक खोकी बांधताहेत.)

मुलगी : आणि ही गिऱ्हाइकाच्या तक्रारीची चिठ्ठी वाचा. "पाण्यात पडलं, कामातून गेलं." खाली तुमचा 'छट्'. "तिघांना दाखवलं, तिघांनी हात टेकले." खाली छट्! बाबा, गिऱ्हाइकं चिडायची नाहीत?

बाबा : हसायची. हसली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तेलपाणी.

मुलगी : आई म्हणायची, ह्या माणसाला सगळं जग थापाडं वाटतं.

बाबा : थापाडं नाही गं. समोरचा त्याच्यापुरतं खरंच बोलत असतो. छट् म्हणजे काय, तर आधी उघडून बघू, मग रडा. आवर आता, उद्या मालकाला किल्ली द्यायचीय.

मुलगी : ह्या एकाच चिठ्ठीवर छट् नाही. नुसतं "बंद" लिहिलंय... बाबा, हे आईचं घड्याळ.

बाबा : ठेव ते.

मुलगी : उघडलंसुद्धा नाही?

बाबा : आई गेली तेव्हा तू बाळंतपणात अडकलेली. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, गेल्या. मी त्यांना छट् म्हणालो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, तर पुन्हा म्हणालो, ओरडून. सगळा दवाखाना बघत होता. त्यानंतर तोंडातून निघालाच नाही तो शब्द. आणि तो नाही तर मी काय कपाळ दुरुस्त करणार?

मुलगी : म्हणून दुकान सोडताय होय! मला म्हणालात, डोळे साथ देत नाहीत.

बाबा : डोळे काय, ठणठणीत आहेत.

मुलगी : काल तुमच्या नातीला म्हटलं, दूध संपलं. तर बाईसाहेब म्हणतात, छट्! आणि पातेल्यात डोकं घातलं.

बाबा : अगं! तिला कुणी शिकवलं?

मुलगी : मला कुणी शिकवलं?

बाबा : होतं का दूध?

मुलगी : थेंब नव्हता. नीट बघितलं तिनं, मग भोकाड पसरलं. तुम्ही दोन वर्षांत बघितलंही नाहीत, आणि रडलाही नाहीत.

बाबा : तेल वाळलं असेल आतलं. गंज धरला असेल. संपलं असेल गं ते.

मुलगी : छट्.

बाबा : भिंग कुठल्या खोक्यात बांधलंस? सोड ती गाठ.