आधी पाया पडलेला माणूस

नाय, नाय, तो नारळ इथे ठेवू नको. उचल. माझ्या ओटीवर ठेवलास म्हणजे मी घेतला असं होतं, आणि मला घ्यायचा नाय — उचल म्हणते ना, सहदेव! हां. पिशवीत टाक. ती साडीपण टाक. आता बस तिथे, पायरीवर. आत नाय जायचं, आत तुझी पुतणी निजलीय, माझ्या सुनेने, नंदाने, आत्ता कुठे थोपटून गप केलीय तिला. माझे हात कोळंबीचे हायत, मी काय उठत नाय, सोलता सोलताच बोलेन. तू मला आत्या म्हणतोस, बाळकुमची माहेरवाशीण म्हणून मान देतोस — म्हणून तर पोरीला इथे कोपरीला माझ्या दारात आणून सोडलीस ना? आत्या, आमच्या मंजुळाच्या अंगात देवी येते, तुझ्यापण येते, तू देवीचं जुनं झाड, चार दिवस ठेवून घे, पारख आणि कौल दे, म्हणजे गाव मानेल. ठेवून घेतली. पारखली. आता कौल ऐक. पोरीच्या अंगात देवी येत नाय.

तोंड कशाला वाकडं करतोस? मंडप घातलास, भोंगा आणलास, मंगळवारी दर्शन म्हणून दारोदार सांगत फिरलास, तो तुझा घोर, माझा नाय. — काय? नाटक करते? कोण बोललं नाटक करते? मी बोलली? मी बोलली देवी नाय. देवी नाय म्हणजे लगेच नाटक! तुम्हाला दोनच गोष्टी येतात, नाय तर पाया पडायचं, नाय तर थोबाडीत मारायची. अरे, नाटक करणारी बाई आधी बघते समोर कोण बसलंय. जत्रेत मी काय कमी बघितल्यात — घुमता घुमता डोळ्याच्या कोपऱ्यातून सासूकडे लक्ष! मंजुळाचं तसं नाय. हिचं जे होतं ते कुणी बघत नसताना होतं. परवा दुपारी मागच्या पडवीत एकटीच मांदेली साफ करत होती — मी दाराआडनं बघत होती, तिला ठाऊक नाय — उजव्या हातात सुरी, झपझप चाललेली. तेवढ्यात नंदाने आतून मोरीच्या दाराला कडी लावली. खट् झालं, बस, एवढंच. पोरीचा हात थांबला. भरती संपते आणि ओहोटी लागायच्या आधी खाडीचं पाणी जरा वेळ उभं राहतं ना, तसे डोळे उभे राहिले तिचे. मग सुरी खाली, गुडघे पोटाशी, आणि पाच-सहा वर्षांच्या पोराच्या आवाजात — लाडात नाय हां, सोंगात नाय, खरोखर तेवढ्या पोराच्या आवाजात — बोलली, पाणी दे ना.

आणि ती एकटी नाय. आणखी एक हाय, ती डाव्या हाताने काम करते. पाठ ताठ, मान खाली, भांड्यांवर भांडी घासते आणि सगळ्याला ‘हो काका’. नंदाला हो काका, मला हो काका! तिला म्हावरं चालत नाय, वासानेच ओकते — आणि तिनेच सकाळी त्याचंच दोन वाट्या कालवण ओरपलेलं असतं. विचारलं तर बोलते, मी कधी जेवली? खोटं नाय बोलत ती. तिला ठाऊकच नाय. एकाच पोरीत दोन-तीन जणी राहतात, सहदेव, आणि एकीचं दुसरीला ठाऊक नसतं. तिसरीपण हाय. तिसरीला तू चांगला ओळखतोस, तिच्यावर येते मी, घाई करू नको.

देवी अशी येत नाय. देवीला ढोल लागतो, धूप लागतो, मान लागतो. एकटी येते, मोठी होऊन येते, आणि गेली की बाईचं तोंड धुतल्यासारखं होतं. कोपऱ्यात बसून पाणी मागणारी देवी मी तरी बघितली नाय. आणि तुम्ही मंडपात त्याचं काय केलंत? पोरीने कळशीभर पाणी पिऊन टाकलं तर टाळ्या वाजवल्यात, म्हणे आईचं सत बघा! तहान लागलेली तिला, सत कसलं डोंबलाचं.

मला कसं कळलं? कळतं. बघितलं की कळतं. मंजुळा काय पहिली नाय. ठाकुर्लीहून एक मास्तरीणबाई आलेली, मालन नावाची, घरचे घेऊन आलेले, बाहेरची बाधा काढा म्हणून. पायरी चढतानाच मला कळलेलं. पाऊल बदलतं रे — एक पाऊल एकीचं पडतं, दुसरं दुसरीचं. मी तिच्या घरच्यांना बोलली, बाधाबिधा काय नाय, हिला नीट डॉक्टरकडे न्या, आणि आधी घरात कोण हिला छळतं ते बघा. परत नाय आले ते माझ्याकडे, पण डॉक्टरकडे गेले. सगळ्यांना दिसत नाय आणि मलाच कसं दिसतं? बोलली ना, कळतं! म्हावरं शिळं की ताजं ते कसं कळतं असं विचारतोस का मला कधी? मग? तो विषय नको आता.

त्यापेक्षा त्या लहानीचं ऐक. थोरला भाऊ तुझा गेला, वहिनीने दुसरा घरोबा केला, पोर तुझ्या पदरात पडली. तू तेव्हा मिठागरावर राखणीला. पोर आईची आठवण काढून रडली की तू तिला मिठाच्या कोठीत घालायचास. बाहेरनं कडी. वर पत्रा, आत मीठ, आणि वैशाखातली दुपार. तहानेने ती भिंत चाटायची, सहदेव! भिंतपण खारटच. — मान कशाला हलवतोस? बाळकुमला कुणाला विचारायला नाय गेली मी. तिनेच सांगितलं, माझ्या मांडीवर बसून. वीस वर्षांची बाई, पाय जमिनीला टेकलेले तिचे, तरी मांडीवर बसली, आणि सगळं सांगून झाल्यावर माझ्या कानात बोलली, काकाला सांगू नको हां. मी सांगतेय तुला. ऐकून घे.

वळण लावत होतास? अरे, वळण लावायला पोर आधी अख्खी राहायला तर हवी! जी आत गेली ती त्या कोठीतून बाहेर आलीच नाय. तिला येववलंच नाय. बाहेर दुसरीलाच पाठवावं लागलं, हो काका, हो काका करायला. तुला वाटलं पोर सुधारली. लोकांना सांगत असशील, बघा कशी शहाणी झाली. मला असा राग येतो ना, असा राग येतो — ही कोळंबी बघ, सोलायची सोडून चिरडून ठेवली मी.

आता तिसरी. तुझ्या पोराची हळद होती. ओटी माणसांनी भरलेली, आतल्या खोलीत बायका, आणि वारा येतो म्हणून तूच ओरडलास, दार लावा रे, कडी घाला. कडी घातली. आणि मंजुळा उठली. तुझी गचांडी धरली सगळ्यांसमोर, पुरुषासारख्या आवाजात — मला कोंडलंस, पाणी दिलं नायस, आता तुला कोंडते, मर तहानेने. असंच बोलली ना? पन्नास माणसांनी ऐकलं. आणि तू काय केलंस? सगळ्यांच्या आधी पाया पडलास. कुणाला काय झालं ते कळायच्या आत लोटांगण! आई, चुकलो, तुझं देऊळ बंद ठेवलं, तुला पाणी दाखवलं नाय, माफ कर. बाकीचे काय, तुझं बघून पडले. कुणीतरी कुंकू आणलं. पण तुला ठाऊक होतं, सहदेव. त्या घरात तू एकटाच होतास ज्याला ठाऊक होतं ती कशाबद्दल बोलतेय. घाबरलास, ते खरं. पण देवीला नाय घाबरलास.

काय हुशार माणूस! मारली असतीस तर चार जणांनी तरी विचारलं असतं, अरे, पोर काय बोलतेय ते ऐका. पाया पडलास, विषय मिटला. देवी बोलली म्हणजे पोर बोललीच नाय. आता दर मंगळवारी ती तुझं नाव घेऊन ओरडणार, आणि लोक तिच्या तोंडावर हळदकुंकू टाकणार, आणि तू बाजूला उभा राहून मान घेणार, झाडाचा काका म्हणून! आणि माझ्याकडनं तुला कौल पाहिजे, म्हणजे उद्या कुणाला शंका यायला नको. असंच असतं तुमचं सगळ्यांचं. दामाजीनेपण हेच केलं! हेच! अंगणात माणसं उभी, माझ्या पाठीवर वल्ह्याचे वळ अजून ओले, आणि तो पहिला —

…काय बघतोस?

दामाजी कोण ते ठाऊक नाय तुला? माझा नवरा. हा काय, भिंतीवर, हार घातलेला. आल्याआल्या त्याच्याच तर पाया पडलास.

हे मी बोलणार नव्हती. नंदालापण ठाऊक नाय हे. असू दे. निघालं तोंडातून तर आता अर्धं कशाला ठेवू. लग्न होऊन या घरात आली आणि त्याने वल्हं उचललं. जाळं फाटलं, वल्हं. कालवण खारट, वल्हं. माहेरचं नाव घेतलं, वल्हं. आणि एक दिवस मी उठली — नाय, मी नाय उठली. मला एवढंच आठवतं, की पाठीत वल्हं बसलं. आणि मग एकदम माझ्या कपाळभर कुंकू, समोर नारळ, आणि दामाजी माझ्या पायांवर डोकं ठेवून पडलेला. मधलं काय नाय. मधलं मला लोकांनी सांगितलं. जाड्या आवाजात बोलत होती म्हणे. मला कुठे मारलंस, कधी मारलंस, एकेक करून सांगत होती म्हणे. आणि लोक काय बोलले? आईचं बोलणं गूढ हाय! गूढ! अरे, एकीने तरी माझा पदर बाजूला करून पाठ बघायची होती!

त्यानंतर मारलं नाय त्याने. देवीच्या झाडावर कोण हात टाकणार? म्हणून मीपण देवी म्हटलं. बरं वाटलं मला, झोप लागायला लागली. पालखीच्या टायमाला कधी खरी आई आलीपण असेल, मी तिला नाय म्हणत नाय, तिच्या पायाशी मी लहान हाय. पण त्या दिवशी आई नव्हती. त्या दिवशी मीच होती, मला ठाऊक नसलेली. आयुष्यात एकदाच तोंड उघडलं, आणि ते माझं म्हणून कुणी ऐकलं नाय. दामाजी गेला तेव्हा गावाने बँड लावला. पुण्यवान माणूस, म्हणे, घरात देवी नांदली! मी त्याच्या फोटोला रोज हार घालते आणि रोज त्यातली दोन फुलं माझ्या बोटांत चिरडतात. रागाने चिरडतात. सून समजते म्हातारपण आलं.

आता कळलं ना मला कसं कळतं? मग जा, सांग सगळीकडे. आवडाबाईच्या अंगात देवी नव्हतीच, म्हातारीने स्वतः कबूल केलं — सांग ना! उद्यापासून माझ्या ओटीवर कुणी चप्पल नाय काढली तरी चालेल मला. सोमवारी मी आणि नंदा मंजुळाला नौपाड्यात त्या डॉक्टरबाईकडे नेणार हाय, मालनबाई जिच्याकडे जायची तिच्याकडे. फोनवर बाई बोलली, वर्षं लागतात, एकेकीशी बोलावं लागतं, एकेकीला कळू द्यावं लागतं की आता कडी नाय. लागू देत वर्षं. पोर इथेच राहील. तुझा मंडप उतरव, भोंगा परत दे, लोकांना काय सांगायचं ते सांग.

कुठे? कुठे चाललास? तिकडे पाऊल टाकू नको, सहदेव. तुझ्या घरची पोर? तुझ्या घरची! नंदा, तू बाहेर येऊ नको, तिला जवळ घेऊन बस. — अरे, मागे हो म्हणते ना! हे बघ, ही सुरी पडली माझ्या हातातून. मी टाकली नाय. तुझा आवाज मला खाडीपलीकडनं यावा तसा येतोय, तू दोन हात अंतरावर उभा हायस आणि मला लांबनं ऐकू येतंय. ढोल नाय, धूप नाय, काय नाय, आणि ती येतेय. एवढ्या वर्षांत अशी नव्हती आली. ती काय करते ते मला ठाऊक नसतं, मला मागाहून लोक सांगतात. आणि आज तिच्या पाया पडून भागणार नाय, तेवढं मला कळतंय. चपला घाल. नाय तर राहू दे चपला. जा, सहदेव — मी हाय तोवर जा.